जोडभिंगी कॅमेरा आणि प्रकाशाचा हिशेब



ज्या घरांत पूर्वीं कोणाला तरी फोटोग्राफीचा नाद होता, त्या घराच्या माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यांत एक उभी, काळी, चौकोनी पेटी अजून सांपडते. पुढच्या अंगाला एकावर एक अशीं दोन भिंगें, बाजूला फिल्म पुढें सरकविण्याचा दांडा किंवा गोल मूठ, आणि वरचें झांकण उघडलें कीं आंत घासलेल्या कांचेचा एक चौरस. इंग्रजींत या यंत्राला ‘ट्विन लेन्स रिफ्लेक्स’ म्हणतात; आपण आज त्याला जोडभिंगी कॅमेरा म्हणूं. अलीकडे हीं यंत्रें पुन्हां माळ्यावरून खालीं येऊं लागलीं आहेत. तरुण मंडळी त्यांच्यावरची धूळ पुसतात, कोठून तरी फिल्म मिळवितात, आणि मग विचारतात कीं, या सर्वांत चांगला कॅमेरा कोणता? जाणकार मंडळी उत्तरादाखल लगेच भिंगांच्या गुणावगुणांची चर्चा सुरू करतात.

ती चर्चा खोटी नव्हे. पण ती दुसरी आहे, पहिली नव्हे. भिंगाची पारख करण्यापूर्वीं त्या कॅमेऱ्यांत प्रकाशाचा हिशेब कसा ठेवला जातो, तो हिशेब कोण करतो, आणि करणाऱ्याला तो डोळ्यांनीं दिसतो कीं नाहीं, हें पाहावें. फोटोग्राफीच्या भाषेंत या हिशेबाला एक्स्पोजर म्हणतात. आजचें माझें भाषण या एक्स्पोजरच्या साधनांविषयीं आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा आहे असें ज्यांना वाटत असेल, त्यांनीं माझ्याबरोबर नांदेड जिल्ह्यांतील हदगांव तालुक्याच्या शिवारांत यावें. उत्तरेला पैनगंगा, आणि नदीपासून आंत पसरलेली काळी, चिकण जमीन. दिवाळीनंतर कापसाची वेचणी ऐन रंगांत असते. डोक्यावर नितळ आकाश, पायांखालीं काळी माती, ओट्यांत पांढराशुभ्र कापूस, आणि या दोहोंच्या मध्यें उन्हानें रापलेला, पदराच्या किंवा पागोट्याच्या सांवलींत अर्धा बुडालेला माणसाचा चेहरा. फोटोग्राफरची याहून कठीण परीक्षा मला ठाऊक नाहीं. या परीक्षेंत नापास झालेले फोटो आपल्याकडे घरोघर आहेत. धोतराची घडी न् घडी दिसते, पागोट्याचा पीळ मोजून घ्यावा. आणि चेहऱ्याच्या जागीं मात्र एक काळा डाग, त्यांत डोळ्यांची जेमतेम लकाकी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या काळच्या आणि त्यानंतरच्याहि कांहीं वर्षांतल्या कष्टकरी माणसाचा फोटो निघणें ही नित्याची गोष्ट नव्हती. ज्या आजोबांचा जन्मांत एकच फोटो निघाला, त्या फोटोंत धोतर आलें आणि आजोबा आले नाहींत, तर तो तोटा पुढें कोणालाहि भरून काढतां येत नाहीं.

आतां एक्स्पोजर म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. आडावर पाणी ओढणाऱ्या माणसाला घागर भरावयाची असली, तर तो मोठा पोहरा थोड्या वेळां ओढील, किंवा लहान पोहरा पुष्कळ वेळां ओढील. घागर दोन्ही रीतींनीं भरते. फिल्म ही आपली घागर. भिंगाच्या पोटांतील छिद्र लहानमोठें करतां येतें, आणि शटर नांवाची झडप किती वेळ उघडी राहावी हेंहि ठरवितां येतें. छिद्राचे आकडे चार, साडेपांच, आठ, अकरा, सोळा, बावीस असे चढत जातात, आणि आकडा जितका मोठा तितकें छिद्र लहान. शटरचे आकडे सेकंदाचे भाग दाखवितात: साठावा, सव्वाशेवा, अडीचशेवा, पांचशेवा. कोणत्याहि बाजूला एक पायरी सरकलें कीं प्रकाश दुप्पट तरी होतो, नाहीं तर निम्मा तरी. ए. एस. ए. १०० ची फिल्म असेल आणि स्वच्छ ऊन असेल, तर छिद्र १६ आणि वेळ सेकंदाचा सव्वाशेवा भाग, हा फिल्मच्या वेष्टनावर छापला जाणारा जुना हिशेब आजहि खरा आहे.

घागर दोन्ही रीतींनीं भरत असली तरी चित्र मात्र दोन्ही रीतींनीं सारखें येत नाहीं. छिद्र लहान केलें तर जवळचें आणि दूरचें दोन्ही रेखीव येतें. मोठें केलें तर एक चेहरा तेवढा रेखीव राहतो आणि मागचें शिवार विरघळून जातें. वेळ कमी केला तर धांवता घोडा जागच्या जागीं थबकतो. वाढविला तर सहस्रकुंडाच्या धबधब्याचें पाणी पिंजलेल्या कापसासारखें दिसूं लागतें. तेव्हां दोन आकडे म्हणजे दोन निर्णय. हे निर्णय कॅमेरा कोणत्या रीतीनें आपल्या हातीं देतो, किंवा हातांतून काढून घेतो, एवढाच आजचा तुलनेचा मुद्दा.

जोडभिंगी कॅमेऱ्याची रचना या बाबतींत मोठी विलक्षण आहे. वरचें भिंग पाहण्याचें, खालचें भिंग फोटो घेण्याचें. वरच्या भिंगामागें तिरपा आरसा पक्का बसविलेला असतो आणि तो चित्र वर, घासलेल्या कांचेवर फेंकतो. आरसा हालत नाहीं, म्हणून फोटो निघण्याच्या ऐन क्षणींहि समोरचें दृश्य डोळ्यांपुढून नाहीसें होत नाहीं. माणसानें नेमक्या त्या वेळीं डोळे मिटले तर तें तेव्हांच कळतें. शटर भिंगाच्या पोटांतच असल्यामुळें त्याचा आवाज पान गळून पडावें इतका हलका असतो, आणि धक्का बसत नसल्यानें सराईत हात पंधराव्या भागापर्यंतहि कॅमेरा स्थिर धरूं शकतो. हे सारे गुणच. परंतु वरच्या भिंगाला छिद्र लहानमोठें करण्याची सोय नसते. तुम्हीं खालीं आकडा ४ ठेवा कीं २२ ठेवा, कांचेवरचें चित्र तसेंच उजळ राहतें. म्हणजे एक्स्पोजर चुकत असेल तर कांच तें सांगत नाहीं. शिवाय हा कॅमेरा पोटाशीं धरून, मान खालीं घालून पाहावयाचा. म्हणून सोय कोणती चांगली याची माझी कसोटी अशी कीं, मान वर न करतां, कॅमेरा न फिरवितां, दोन्ही आकडे वरूनच वाचतां यावेत आणि दोन्ही वेगवेगळे बदलतां यावेत.

या कसोटीला सर्वांत आधीं उतरला तो रोलीफ्लेक्स. जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यानें १९२९ सालीं तो बाजारांत आणला आणि जोडभिंगी कॅमेऱ्याला त्यानेंच खरें रूप दिलें. पुढें या घराण्यांत दोन्ही भिंगांच्या मध्यें, डावीउजवीकडे, एकएक लहान दातेरी चाक आलें. एका चाकानें छिद्र बदलतें, दुसऱ्यानें वेळ. दोन्ही आकडे वरच्या भिंगाच्या माथ्यावरच्या एका इवल्याशा खिडकींत शेजारीं शेजारीं दिसतात. दोन अंगठे दोन चाकांवर आणि नजर खिडकीवरून कांचेवर. एवढ्यांत सारा हिशेब पुरा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारतांतील पहिल्या वृत्तछायाचित्रकार बाई. त्यांच्या हातीं जे कॅमेरे होते त्यांत रोलीफ्लेक्सहि होता. धांवपळीच्या प्रसंगीं, पुढाऱ्यांच्या गर्दींत, ज्याला आकडे शोधावे लागत नाहींत असें यंत्र किती उपयोगी पडत असेल, हें सांगावयास नको.

याच कारखान्यानें १९३३ पासून रोलीकॉर्ड या नांवानें एक स्वस्त भावंड काढलें. त्यांत चाकांच्या ऐवजीं भिंगाच्या कडेला लहान पट्ट्या असतात. रोलीफ्लेक्सच्या पुढच्या नमुन्यांत फिल्म सरकविणारा दांडा फिरविला कीं शटर आपोआप ताणलें जातें. रोलीकॉर्डांत तें वेगळें ताणावें लागतें. तें काम आणि फोटो घेण्याचें काम बहुतेक नमुन्यांत भिंगाखालची एकच पट्टी करते: एका बाजूला ओढली कीं शटर ताणतें, उलट ओढली कीं सुटतें. हातवळणी पडली कीं हें यंत्रहि रोलीफ्लेक्सच्या जवळजवळ बरोबरीनें चालतें.

दुसऱ्या टोकाला सोव्हिएट रशियांतील लेनिनग्राडच्या कारखान्याचा ल्युबितेल. त्याचा ‘ल्युबितेल दोन’ हा नमुना १९५५ पासून निघूं लागला. अंग बेकेलाइटचें, किंमत बेताची. छिद्राचे आणि वेळेचे आकडे भिंगाभोंवतीं, समोरच्या अंगाला कोरलेले. ते वाचावयाचे तर कॅमेरा आपल्याकडे वळवून पाहावा लागतो. वेळेचे आकडेहि थोडे: पंधराव्या भागापासून अडीचशेव्यापर्यंत. माझ्या कसोटीप्रमाणें हा कॅमेरा शेवटच्या बांकावर बसावयास हवा. आणि तरीहि नवशिक्याच्या हातीं तो देण्यास माझी हरकत नाहीं. कारण त्यांत आपल्या ऐवजीं विचार करणारें कांहींच नाहीं. आकडे बसविल्याशिवाय पुढें पाऊल पडत नाहीं, आणि विसरलें तर आपणच विसरलों हें पक्कें कळतें.

आतां तुलनेचा खरा अवघड भाग येतो. १९५४ च्या सुमारास जर्मन शटरांत एक नवी सोय निघाली. छिद्र आणि वेळ या दोन आकड्यांच्या ऐवजीं दोहोंचा मिळून एकच आंकडा धरावा, अशी ती कल्पना. आपण त्याला प्रकाशांक म्हणूं. छिद्र १६ आणि सव्वाशेवा भाग मिळून प्रकाशांक १५. एकदां १५ वर जुळणी केली कीं दोन्ही साधनें एकमेकांना बांधलीं जातात. मग छिद्र ११ केलें तर वेळ आपोआप अडीचशेवा होतो, ८ केलें तर पांचशेवा. त्याच काळच्या रोलीफ्लेक्सांत आणि रोलीकॉर्डांत ही सोय आली.

हिचा फायदा पाहावयाचा असेल तर मार्गशीर्षांत लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेला जावें. घोड्यांचा बाजार भरलेला असतो. उभ्या घोड्याचा फोटो १६ आणि सव्वाशेव्यावर घेतलात, तेवढ्यांत तोच घोडा उधळला; एक पट्टी सरकवितांच ८ आणि पांचशेवा होतो. हिशेब करीत बसावें लागत नाहीं, आणि प्रकाश तितकाच राहतो.

पण हाच फायदा दुसऱ्या क्षणीं उलटतो. तोच घोडा लिंबाच्या सांवलींत आला. तेथें प्रकाश उन्हाच्या मानानें तीन पायऱ्यांनीं, म्हणजे आठपटीनें कमी. आपण जुन्या संवयीनें छिद्र मोठें करतों, आणि अधिक प्रकाश दिला असें समजून निश्चिंत होतों. परंतु दोन्ही साधनें बांधलेलीं आहेत. छिद्र जितकें मोठें झालें तितकाच वेळ मुकाट्यानें कमी झाला, आणि फिल्मवर एक कणहि जादा प्रकाश पडला नाहीं. घरचा हिशेब दोघांच्या हातीं असावा आणि एकानें वाढविलेला खर्च दुसऱ्यानें न सांगतां कापून टाकावा, तसा हा प्रकार. ही जोड सोडविण्याची सोय केलेली असते. ती कोठें आहे हें शोधून, प्रकाश बदलला कीं आधीं जोड सोडवावी आणि मगच आकडा बदलावा. ज्याला ही गोष्ट ठाऊक आहे त्याला ती सोय सेवक; ज्याला ठाऊक नाहीं त्याला ती धनीण.

यानंतरची पायरी म्हणजे कॅमेऱ्यांतच बसविलेला प्रकाशमापक. रोलीफ्लेक्सच्या १९५८ च्या ‘साडेतीन एफ’ या नमुन्यांत सेलेनियमचा मापक दोन्ही चाकांना जोडलेला आहे. कांटा मुठीच्या माथ्यावर दिसतो. चाकें फिरवून दुसरा कांटा त्याच्यावर आणला कीं मापकाच्या मतें एक्स्पोजर बरोबर. सेलेनियमला विजेचा सेल लागत नाहीं, उजेडावरच तें चालतें. पण वयाबरोबर आणि दमटपणानें त्याची शक्ति क्षीण होऊं शकते. जपानी याशिका कंपनीनें १९७० सालीं काढलेला ‘याशिका मॅट १२४ जी’ तर आपल्याकडे पुष्कळांच्या परिचयाचा. त्यांत रोलीफ्लेक्ससारखींच दोन चाकें, तसेच वरून दिसणारे आकडे, वेळ एका सेकंदापासून पांचशेव्या भागापर्यंत, आणि वरचें टोपण उघडलें कीं जागा होणारा मापक. आकड्यांच्या सोयीपुरतें बोलावयाचें तर कमी किंमतींत इतकें सुटसुटीत यंत्र दुसरें क्वचितच सांपडेल.

मात्र त्याच्या मापकाला पाऱ्याचा सेल लागत असे, १.३५ व्होल्टचा. पाऱ्याच्या विषारीपणामुळें असे सेल आतां बाजारांतून गेले; अमेरिकेंत तर १९९६ सालीं कायद्यानेंच त्यांची विक्री थांबविली. दुकानदार त्याच मापाचा दीड व्होल्टचा सेल देतो. तो बसतो नीट, कांटाहि हालतो. पण व्होल्ट जास्त असल्यानें कांटा वाजवीपेक्षां पुढें जातो, ऊन आहे त्याहून कडक असल्याचें सांगतो, आणि फिल्मला प्रकाश कमी मिळतो. वर हा सेल वापरतां वापरतां उतरत जातो, म्हणून चूकहि रोज वेगळी. ऐकूं कमी येणारांच्या यंत्रांत वापरतात तो जस्त-हवेचा सेल सुमारें १.४ व्होल्टचा असतो; तो योग्य मापाच्या कड्यांत बसविला तर बरेंच भागतें.

समजा, सेल ठीक आहे, सेलेनियम शाबूत आहे, कांटा प्रामाणिक आहे. तरीहि हदगांवच्या शिवारांत तो आपल्याला फसवील. कारण त्याचा प्रामाणिकपणाच फसवा आहे. समोरून किती उजेड परत येतो एवढेंच त्याला कळतें; उजेड कशावरून येतो तें कळत नाहीं. समोर मध्यम करड्या रंगाची, पडलेल्या उजेडापैकीं सुमारें १८ टक्के परत पाठविणारी वस्तु आहे, असें गृहीत धरून तो बनविलेला असतो. शहरांतल्या रस्त्यावर, झाडें, भिंती, माणसें यांच्या मिश्रणांत हें गृहीत पुष्कळदां खरें ठरतें. कापसाच्या ढिगापुढें तें साफ कोसळतें.

आपण प्रत्यक्ष हिशेब करून पाहूं. डिसेंबरांतली दहाची वेळ, स्वच्छ ऊन, फिल्म ए. एस. ए. १००. उन्हाचा खरा हिशेब छिद्र १६, सव्वाशेवा भाग. कॅमेरा कापसाच्या ढिगाकडे वळवा. कापूस करड्याच्या चौपटीहून अधिक उजेड परत फेंकतो, म्हणून मापक म्हणेल, छिद्र १६ आणि पांचशेवा भाग. तोच कॅमेरा नांगरलेल्या काळ्या रानाकडे वळवा; मापक म्हणेल, १६ आणि साठावा भाग. ऊन एकच, जागा एकच, घटका एकच, आणि उत्तरांत आठपटींचा फरक! आतां चेहऱ्याकडे पाहा. तो पदराच्या सांवलींत आहे. त्याला उन्हापेक्षां निदान दोन पायऱ्या अधिक प्रकाश पाहिजे, म्हणजे छिद्र ८ आणि सव्वाशेवा भाग. कापसाला भुललेल्या मापकानें सुचविलें १६ आणि पांचशेवा. दोहोंत चार पायऱ्यांचा, म्हणजे सोळापटींचा फरक पडला. आजोबांचा चेहरा काळा डाग कां झाला, याचें उत्तर या सोळापटींत आहे. दोष त्यांच्या रंगाचा नव्हे, उन्हाचाहि नव्हे. पांढऱ्या वस्त्राला मान देऊन माणसाला विसरणाऱ्या हिशेबाचा तो दोष आहे.

मग करावें काय? उपाय अगदीं साधा आहे आणि तो आपल्या हातांतच आहे, शब्दशः हातांत. आपला तळहात चेहऱ्यावर जसा उजेड आहे तशाच उजेडांत, म्हणजे सांवलींत असेल तर सांवलींत, उन्हांत असेल तर उन्हांत धरावा, आणि मापक फक्त त्या तळहातावर रोखावा. माणसांच्या कातडीचे रंग कितीहि भिन्न असोत, तळहातांत फरक थोडा. तळहात करड्याच्या सुमारें दुप्पट उजळ असतो. म्हणून मापक सांगेल त्यापेक्षां एक पायरी प्रकाश अधिक द्यावा. आकडे चाकांवर बसवावे, आणि मग कांटा वर कितीहि तडफडला तरी त्याच्याकडे पाहूं नये. कापूस थोडा अधिक पांढरा येईल, तर येवो. कागदावर छापण्याच्या निगेटिव्ह फिल्मला जास्तीचा प्रकाश पुष्कळ सोसतो. कमीचा सोसत नाहीं. निगेटिव्हवर जें उमटलेंच नाहीं तें अंधाऱ्या खोलींतला कोणताहि कुशल कारागीर काढून देऊं शकत नाहीं.

मापकच नसेल तर? तर उन्हाकडे पाहावें. हदगांव साडेएकोणीस अक्षांशांच्या आसपास आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीकडे दुपारीं सूर्य तेथें बरोबर माथ्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीस दुपारींहि तो क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या आसपासच राहतो. उघड्या उन्हाचे आकडे दोन्ही वेळीं जवळजवळ सारखेच. बदलते ती चेहऱ्यावरची सांवली. मेच्या दुपारीं कपाळ तळपतें आणि डोळे खोबणींत बुडतात. तेथें आकड्यांनीं कांहीं सुधारत नाहीं, माणसाला ओसरीवर घ्यावें किंवा सकाळीं आठची वेळ धरावी. हिवाळ्यांत तिरपें ऊन स्वतःच चेहरा उजळतें. हें ज्ञान कोणत्याहि कांट्यापेक्षां जुनें आणि खात्रीचें आहे.

जुन्या यंत्राबद्दल आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. आकडा बसविला म्हणजे शटर तो पाळतेंच असें नाहीं. वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या शटरांतील तेल घट्ट होतें आणि सावकाश वेळा आधीं बिघडतात. एक सेकंदावर ठेवून, कान लावून, घड्याळाबरोबर ऐकावें. एकाचे दोन होत असतील, किंवा पातें अर्ध्यावर अडत असेल, तर फिल्म भरण्यापूर्वीं तें साफ करवून घ्यावें. जुन्या कॉम्पुर-रॅपिड शटरांत पांचशेवा भाग हवा असेल तर तो आकडा शटर ताणण्यापूर्वींच बसवावा, कारण त्यासाठीं एक जादा कमान ताणावी लागते. मागाहून जोर केल्यास यंत्राला इजा होते.

दुसरी गोष्ट जवळच्या फोटोंविषयीं. जपानी मामियाच्या सी मालिकेंत भिंगें बदलतां येतात आणि भाता लांबवून वस्तूच्या अगदीं जवळ जातां येतें. हळकुंडाचा किंवा कापसाच्या बोंडाचा फोटो त्यावर सुरेख निघतो. परंतु भाता जितका लांबेल तितका प्रकाश फिल्मवर विरळ पोंचतो. वस्तु मूळ आकाराएवढी उतरवावयाची तर चौपट एक्स्पोजर लागतें. या मालिकेंतल्या सी ३३० मध्यें ही वाढ कांचेवरच एका सरकत्या कांट्यानें दाखविली आहे. मला ही सोय फार आवडते. कारण ती आपल्या हातून निर्णय काढून घेत नाहीं, विसरूं नये तेवढेंच आठवण करून देते.

तेव्हां कोणता कॅमेरा घ्यावा? ज्याच्या घरीं जो असेल तो, हें पहिलें उत्तर. निवड करण्याची संधि असेल तर आकडे वरून वाचतां येणारा, दोन्ही चाकें मोकळीं असणारा घ्यावा. मग तो जुना रोलीफ्लेक्स असो कीं याशिका. प्रकाशांकाची जोड असेल तर ती सोडवावयास शिकावें. मापक असेल तर त्याचें ऐकावें, पण एखाद्या परगांवच्या पाहुण्याचें ऐकावें तसें: आदरानें, आणि त्याला आपल्या गांवाची माहिती नाहीं हें लक्षांत ठेवून.

१२० च्या एका फिल्मवर या कॅमेऱ्यांतून बारा चौरस चित्रें निघतात. बाराच. म्हणून प्रत्येक चित्रापूर्वीं थांबून विचारण्यास सवड असते, कीं यांत मला काय उतरवावयाचें आहे. पुढच्या वेळीं गांवीं जाल तेव्हां घरांतल्या सर्वांत वडील माणसाला अंगणाच्या कडेच्या सांवलींत बसवा, तळहातावर उजेड मोजा, एक पायरी अधिक द्या, आणि मग मान खालीं घालून शांतपणें कांचेंत पाहा. पातळाचा पांढरा रंग थोडा पुसट झाला तरी कोणी विचारणार नाहीं. पन्नास वर्षांनीं फोटो हातीं घेणारा नातू शोधील तो चेहराच.